भीती वाटली म्हणजे श्रद्धा कमी पडली?

मालवण-देवगड पट्ट्यातल्या एका किनारी गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ३६. यजमान स्वतःच्या होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, सोबत दोन खलाशी. सासरे नोव्हेंबर २००९ च्या फयान वादळात दर्यावर होते, ते परतले नाहीत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या रात्री होडी किनाऱ्यावर ओढलेली होती, माणसं घरात होती, पण घराची कौलं उडाली आणि समोरचे माड मोडून पडले. तेव्हापासून वारा सुटला की ताईंची झोप उडते. उपास वाढले आहेत, पोथी सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आणि यजमान निघण्याआधी ताई देवळात कौल लावून देवाची संमती विचारायला लावतात. एकदा कौल डावा, म्हणजे नकाराचा पडला, यजमान तरीही गेले आणि भरपूर मासळी घेऊन आले. एकदा उजवा पडला आणि नेमकं त्याच दिवशी इंजिन बंद पडून होडी दुसऱ्यांनी ओढून आणली. सासूबाई म्हणतात, “भितस कित्याक? देव आसा मा.” यजमान लाईफ जॅकेट घालत नाहीत. विषय काढला की विचारतात, “तुझा देवावर विश्वास नाही का?” गावातल्या एका ‘जाणकारा’ने घरावर दोष असल्याचं सांगून तो काढायला २१ हजार मागितले आहेत. ताईंचे प्रश्न तीन: माझी श्रद्धा खोटी आहे का? तो विधी करावा का? आणि यजमानांना दर्या सोडायला लावावा का?

प्रिय ताई,

‘माझी श्रद्धा खोटी आहे का’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलं आहे. वादळापेक्षाही ते तुम्हाला जास्त टोचतंय असं दिसतं, म्हणून आधी त्याच्याकडेच वळते.

या प्रश्नाच्या पोटात एक गृहीत आहे. श्रद्धा पुरी असली की भीती उरत नाही, म्हणजे भीती उरली तर श्रद्धा अपुरी. हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमच्या गावच्या देवळाने तर नक्कीच नाही. जत्रेला, शिमग्याला, नाहीतर एखाद्या घरच्या कार्याला गाऱ्हाणं घालतात ते आठवा. नारळ हातात घेऊन पुढे उभा राहिलेला माणूस काय काय म्हणतो? गावावर रोगराई येऊ नये. पोरंबाळं मुंबईला गेली आहेत, त्यांना सांभाळ. कोणी वाकडं चिंतलं असेल तर ते दूर कर. रानात जनावराचं भय आहे, दर्यावर वाऱ्याचं भय आहे, जो लेक होडी घेऊन गेलाय “त्येका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा.” आणि मागे उभा असलेला सगळा गाव दर वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणतो. नीट ऐकलं तर अख्खं गाऱ्हाणं म्हणजे गावाला कशाकशाची भीती वाटते याची यादी आहे. चारचौघांत, मोठ्या आवाजात, देवाच्या तोंडावर म्हटलेली. आम्ही कोणाला भीत नाही, असं देवाला ऐकवणारं गाऱ्हाणं मी तरी अजून ऐकलेलं नाही.

तुमचं उलटं झालं आहे. तुम्ही भीती देवापासूनच लपवता आहात. पोथीची पानं उलटताना तुमचं लक्ष वाऱ्याच्या आवाजाकडे असतं आणि ते तिथे जाऊ नये म्हणून तुम्ही आणखी भरभर वाचता, असं तुम्हीच लिहिलं आहे. संध्याकाळचा दिवा लावताना कधी सरळ म्हणून बघितलंत का, की बा देवा, आज वारा वाढलाय, हे दर्यावर आहेत, मला भीती वाटते? यजमानांचं नाव घेऊन, होडीचं नाव घेऊन, खलाशांची नावं घेऊन. मनातल्या मनात नको, ऐकू येईल असं. सासूबाई घरात असतील तर त्यांच्या देखत. मागे उभं राहून ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारं माणूस असलं की गाऱ्हाण्याला वेगळाच जोर येतो, हे गावात वाढलेल्याला सांगायला नको.

आता त्या उपासांविषयी. तुम्ही लिहिता, आधी सोमवार होता, मग गुरुवार आला, मग संकष्टी, आणि आता शनिवारही धरावा का असा विचार आहे. उपासाला माझी हरकत नाही. पण दर वादळानंतर एक वार वाढतो आणि वाढलेला वार कधीच कमी होत नाही, तेव्हा ती भक्ती राहिलेली नसते. तो विम्याचा हप्ता झालेला असतो, आणि हप्ता चुकला तर काय, ही धास्ती जुन्या भीतीवर नव्याने बसते. या हिशेबाची दुसरी बाजू फार क्रूर आहे, आणि तुमच्या घराला ती आधीच लागली आहे. भक्ती पुरेशी असेल तर माणूस परत येतो, असं मानलं की न परतलेल्या प्रत्येकाच्या घरावर ठपका येतो. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान आलं तेव्हा खोल दर्यात गेलेल्या कित्येक होड्यांपर्यंत इशारा वेळेत पोचलाच नव्हता. जी माणसं गेली त्यांच्या घरी संध्याकाळी दिवा लागत नव्हता का? तुमचे सासरे कुलदैवताचं नाव घेतल्याशिवाय होडीवर पाय ठेवत नसत, असं तुमच्याच पत्रात आहे. त्यांची भक्ती कमी पडली असं म्हणायला तुमची जीभ रेटेल? माझी रेटत नाही.

मग देव कशासाठी, असं तुम्ही विचाराल. देव वारा अडवतो की नाही, यावर मी अधिकाराने बोलणं हा उद्धटपणा होईल. पण ज्यांची श्रद्धा मला खरी वाटली अशी माणसं मी किनाऱ्यावर पुष्कळ पाहिली आहेत. कोणी देवळात नारळ ठेवतं, कोणी दर्ग्यावर चादर चढवतं, कोणी क्रूसापुढे मेणबत्ती लावतं. त्यांच्यात मला एक गोष्ट सारखी दिसली. काही वाईट होणारच नाही, अशी हमी त्यांच्यातल्या कोणाकडेच नव्हती. जे होईल त्यात आपण एकटे नसू, एवढाच त्यांचा भरवसा होता. तेवढ्यावर ती माणसं रात्री झोपत आणि सकाळी उठून जाळं विणायला बसत. तुम्हाला सध्या झोप मिळत नाही, याचा अर्थ तुम्ही देवाकडे झोप मागतच नाही आहात, फक्त हमी मागता आहात. हमी मागायची सोडून बघा.

सासूबाईंबद्दल तुम्ही जरा रागाने लिहिलं आहे. त्या दगड आहेत, त्यांना काही वाटत नाही, असं तुमचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. ज्या बाईचा नवरा दर्याने नेला, देहही हाती लागला नाही, आणि तरी जिने मुलाला त्याच दर्यावर पाठवलं, तिच्या “देव आसा मा” मध्ये काय काय दाबलेलं असेल याचा अंदाज करा. कदाचित त्या तुम्हाला गप्प करत नसतील, स्वतःला करत असतील. एखाद्या दुपारी, मासे निवडताना नाहीतर सोलं वाळत घालताना, त्यांना एवढंच विचारा: फयाननंतर मुलगा पहिल्यांदा होडीवर गेला त्या रात्री तुम्ही काय केलंत? उत्तर आलं नाही तरी चालेल. पण मला वाटतं येईल. आणि मग त्या घरात भिणाऱ्या दोन बायका असतील, एक भिणारी आणि एक खडसावणारी नव्हे.

कौलाचा घोळ तुम्हाला फार छळतो आहे. डावा पडला तेव्हा बरं झालं, उजवा पडला तेव्हा इंजिन बंद पडलं, मग देव खोटं बोलला की मी चुकीचं विचारलं? कौलाची रीत मी मानते. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख आजही पंचांगातली ठरलेली तिथी नसते, देवीच्या कौलाने ठरते, आणि लाखो माणसं त्या तारखेला येतात. गावाने एकत्र बसून विचारायचे, एकदा ठरले की सगळ्यांनी पाळायचे, असे ते प्रश्न. पण आज वारा किती आहे आणि इंजिनात तेल आहे का, हे देवीला विचारायचे प्रश्नच नव्हेत. जुने तांडेल पहाटे किनाऱ्यावर उभे राहून ढग बघत, वाऱ्याची दिशा बघत, लाटेचा आवाज ऐकत, आणि मगच हात जोडत. नारळी पौर्णिमेचा नारळसुद्धा दर्या निवायला लागल्यावर दिला जातो, ऐन आषाढात कोणी होडी लोटून ‘देव आहे’ म्हणत नाही. आता सरकारने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी घातली आहे. पण कायदा नव्हता तेव्हाही पावसाळ्यात होड्या शाकारून ठेवण्याची अक्कल या किनाऱ्याला होतीच, आणि तीच माणसं भाविक म्हणून ओळखली जात.

म्हणून रोजच्या निघण्यासाठी कौल बंद करा. देवीचा अपमान होईल म्हणून घाबरत असाल तर देवळात जाऊन नारळ ठेवून तसं सांगा: रोज तुला त्रास देणार नाही, वाऱ्याचं आम्ही बघतो, तू पाठीशी राहा. आणि खरोखरच बघा. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा रोज निघतो, हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज मिळतो, बंदरावर बावटा लागतो. फयानच्या वेळी जे वेळेत पोचलं नाही ते तौक्तेच्या वेळी पोचलं. १६ मे २०२१ ला वादळ सिंधुदुर्गासमोरून गेलं, त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून होड्या परत बोलावल्या जात होत्या. तुमची होडी त्या रात्री किनाऱ्यावर होती ती यामुळेच. (देवगडला बंदरात नांगरून ठेवलेल्या होड्याही बुडाल्या आणि त्यावरची माणसं गेली, हे मला माहीत आहे. इशारा म्हणजेही हमी नव्हे.) हा इशारा ज्यांनी पोचवला त्यांच्यातून देवच बोलला, असं मानायला तुम्हाला कोणी अडवलेलं नाही. मला ती समजूत आवडते.

जॅकेटचं काय? यजमानांच्या प्रश्नाला तुम्ही निरुत्तर होता असं लिहिलं आहे. उत्तर सोपं आहे. देवावर भरवसा असताना ते होडीला नांगर का ठेवतात? वायरलेस का ठेवतात? जॅकेट घातल्याने रागावणारा देव कोणत्याच गावच्या देवळात नाही, तो बहुधा बंदरावरच्या मित्रमंडळींच्या हसण्यात बसलेला आहे. खरी अडचण तीच असते. घालणारा पहिला कोण, आणि त्याला घाबरट म्हणणारा पहिला कोण. शिवाय जाळं ओढताना जाड जॅकेट अडतं ही त्यांची तक्रार खोटी नाही. पातळ, अंगाबरोबर बसणारी जॅकेटं मिळतात, तेवढे पैसे त्या उपासांच्या सामानातून नक्की निघतील.

एक करा. नारळी पौर्णिमेला होडीची पूजा कराल तेव्हा तिन्ही जॅकेटं होडीवर ठेवा, त्यांनाही हळदकुंकू वाहा. दसऱ्याला आपण कोयता-कुऱ्हाड पुजतोच. पुजलेली वस्तू वापरायला कोणाला कमीपणा वाटत नाही. भांडून जे साधलं नाही ते यातून साधेल, असं माझं मन सांगतं.

यजमानांशी एक करारही करा, पण दोन्ही बाजूंचा. खाडीच्या तोंडातून बाहेर पडताना जॅकेट अंगात. इशारा असेल त्या दिवशी होडी हलणार नाही, शेजारची गेली तरी. परतायच्या वाटेवर रेंज आली की एक फोन. या बदल्यात तुम्ही इतर दिवशी निघताना डोळ्यांत पाणी आणायचं नाही आणि दर अर्ध्या तासाला फोन लावायचा नाही. तुमच्या भीतीचं ओझं तेही नेतात, बोलत नाहीत इतकंच. होडीवर इस्रोने बनवलेलं संकटसंदेश पाठवणारं डॅट यंत्र आहे का ते विचारा. बटण दाबलं की उपग्रहावरून तटरक्षक दलाला होडीचं ठिकाण कळतं, आणि नव्या यंत्रात संदेश पोचल्याची पोचही होडीवर येते. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा, तुमच्यासाठीही आणि शेजारणींसाठीही.

तो २१ हजारांचा विधी करू नका. इथे मी दोन्ही बाजू तोलत बसणार नाही. सासरे गेले ते चक्रीवादळात गेले, आणि त्या वादळात कोणाकोणाच्या घरावर दोष होता हे तो गृहस्थ सांगू शकणार नाही. भीती घालून पैसे काढणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. नकार दिल्यावर तो तुम्हाला धमकावू लागला तर पोलीस ठाण्यात जायला कचरू नका. नकार देताना वादही घालू नका. आमचं गाऱ्हाणं आम्ही आमच्या देवाला घालतो, मध्ये कोणी नको, एवढं पुरे.

दर्या सोडण्याचा प्रश्न सगळ्यांत अवघड, आणि त्याचं उत्तर मी देणार नाही, ते तुम्ही दोघांनी द्यायचं आहे. फक्त तो निर्णय भीतीच्या हातात देऊ नका. होडीवर कर्ज किती उरलंय, डिझेल आणि बर्फाला किती जातं, मासळी किती कमी झाली, मालवणकडे पर्यटकांच्या बोटींवर काम मिळतं ते वर्षातून किती महिने, मुलं काय शिकत आहेत, या कारणांसाठी कोणी दर्या सोडला तर त्यात कमीपणा नाही. पण केवळ वाऱ्याच्या आवाजाने झोप येत नाही म्हणून यजमान मुंबईला वॉचमन झाले, तर तुम्हाला लोकलच्या गर्दीची भीती वाटायला लागेल. भीतीला जागा बदलायला वेळ लागत नाही. बंदीचे दोन महिने यासाठीच बरे. होडी शाकारलेली असते, माणूस घरात असतो, हिशेबाची वही समोर घेऊन शांतपणे बोलता येतं.

तुमच्यासारखी पत्रं दर पावसाळ्यात येतात, म्हणून थोडं इतरांसाठीही. चिपळूणच्या एका बाई लिहितात की २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर पाऊस दोन तास सलग पडला की त्या वाशिष्ठीचं पाणी बघायला उठतात. त्यांना माझं सांगणं, बघायला उठा, पण कपाटातली कागदपत्रं, औषधं आणि मुलांची दप्तरं आधीच वर ठेवून मग झोपा, म्हणजे उठणं एकदाच होईल. डोंगराखालच्या एका वाडीतल्या काकांचं म्हणणं वेगळं. तलाठी सांगून गेले तरी ते घर सोडत नाहीत, ग्रामदेवतेने इतकी वर्षं राखलं, आता सोडलं तर तिच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. काका, त्याच जुलैत तळियेत दरड कोसळून वाडी गाडली गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. शिमग्यात देव स्वतः देऊळ सोडून पालखीत बसून घरोघर येतो. चार मुसळधार रात्री आपण घर सोडून शाळेत जाऊन झोपलो, तर तो कसला रागावतोय? देवघरातला टाक सोबत न्या हवं तर.

ताई, एक गोष्ट तुम्ही ओझरती लिहिली आहे, ती मला ओझरती वाटत नाही. छातीत धडधड, हातापायांना घाम, वारा नसतानाही रात्री दोनला जाग, गेलं वर्षभर. हा श्रद्धेचा विषयच नाही. मोठ्या आपत्तीनंतर शरीर असं वागतं आणि त्यावर उपचार आहेत. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा, थायरॉईड आणि रक्त तपासून घ्या, इतके उपास धरणाऱ्या बाईचं रक्त कमी असणं अगदी शक्य आहे. मग गरज पडली तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री दोनला जाग आली तर तेव्हाच लावा. औषध घेतलं म्हणजे देवावरचा विश्वास उडाला, असं कोणी म्हणालं तर त्याला तापात काढा घेतो का ते विचारा. तोवर शनिवार धरू नका, आणि गुरुवारही सोडलात तरी चालेल. सोमवार ठेवा, तो तुमचा माहेरचा आहे असं लिहिलं आहे.

विम्याचं राहिलं. नावाने अशुभ वाटतो म्हणून यजमान अर्ज भरत नाहीत, असं तुम्ही म्हणता. केंद्र सरकारच्या मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास २.५ लाख, आणि अपघातानंतर दवाखान्यासाठी २५ हजार. यजमानांचा आग्रह असेल तर अर्ज देवापुढे ठेवून मग द्या, पण द्या. तुमच्या मच्छीमार सोसायटीतून नावं गेली आहेत का ते या बंदीतच विचारून या, आणि जाताना दोन्ही खलाशांची कागदपत्रंही सोबत न्या. तुमच्या पत्रात त्यांचा उल्लेख एका ओळीत आहे. ते कुठून आले आहेत, घरी कोण आहे, त्यांना पोहता येतं का, हे यजमानांना विचारा. जॅकेटं तीन घ्या.